मुलगा-सून शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघालेत. घरून लक्ष कसं ठेवायचं आणि काळजी कधी करायची?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा आणि सून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका मित्राबरोबर ३४ फुटी शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघणार आहेत. मागच्या वर्षी तिघं मुरूडपर्यंत जाऊन आले. तेव्हा मोबाइलवरच्या नकाशातला बोटीचा ठिपका संध्याकाळी पाचच्या सुमारास गायब झाला आणि ताईंनी रात्र जागून काढली. सकाळी मुलाचा फोन आला, ‘अगं, आम्ही तर सातलाच नांगर टाकून जेवून झोपलो.’ या खेपेला सफर आठ-दहा दिवसांची आहे. घरी बसून त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, कोणतं अ‍ॅप घ्यायचं आणि खरी काळजी कधी करायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बावीस वर्षं मी याच किनाऱ्यावर शिडाच्या बोटी नेल्या-आणल्या. गेली काही वर्षं रत्नागिरीत घरी असते, आणि भाऊ, भाचे, ओळखीची मुलं समुद्रात निघाली की किनाऱ्यावरून त्यांची नोंद मी ठेवते. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना मी बसलेली आहे. बोटीवर असताना घरच्यांची जेवढी काळजी वाटायची नाही, तेवढी घरी बसून बोटीची वाटते. म्हणून तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मी आधी घेते. काळजी कधी करायची हे मुलं निघायच्या आधी, घरात, तिघांना समोर बसवून ठरवायचं. ती वेळ कागदावर लिहायची. अ‍ॅप कोणतं हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

तरीही ठिपक्याबद्दल आधी सांगते, कारण त्यानेच तुमची झोप घालवली.

तुम्ही बघत होता तो ठिपका बहुतेक एआयएसचा होता. बोटीवरचं एक छोटं यंत्र आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवर सतत सांगत असतं. मोठ्या जहाजांवर असतं ते ‘अ’ वर्गाचं, ताकद साडेबारा वॅट. तुमच्या मुलांच्या बोटीवर असेल ते ‘ब’ वर्गाचं, साधारण दोन वॅटचं. बोट चालत असली की ते दर तीस सेकंदांनी बोलतं, आणि वेग दोन नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) खाली गेला की तीन मिनिटांनी एकदा. हा आवाज सरळ रेषेत जातो, डोंगर ओलांडत नाही. डोलकाठीच्या टोकाला अँटेना असेल तर समोरच्या उंच अँटेनाला पंधरा-वीस मैलांवरून ऐकू जाईल. पण समोर ऐकणारं कोणी असायला हवं ना! मरीनट्रॅफिक, व्हेसलफाइंडर अशा साइटवर दिसणारी माहिती बरीचशी किनाऱ्यावर कोणीतरी हौसेने लावलेल्या रिसीव्हरमधून येते. मुंबई बंदराच्या आसपास असे रिसीव्हर भरपूर, गोव्यात मुरगावजवळही बरे. मधल्या कोकणपट्टीत विरळ. त्यामुळे ठिपका प्राँग्ज दीपगृहापर्यंत नीट, खांदेरीपर्यंत बरा, आणि कोर्लईच्या पुढे कधी आहे कधी नाही, हे मी दर सफरीत बघते. मागच्या वर्षी तुमच्या मुलांची बोट संध्याकाळी राजपुरीच्या खाडीत शिरली असणार, आणि तिन्ही बाजूंनी डोंगर आल्यावर तिचा आवाज बाहेर गेला नसणार.

ठिपका गेला म्हणजे ऐकणारा गेला, एवढाच त्याचा पहिला अर्थ घ्या. दीपगृहांवर सरकारची स्वतःची एआयएस यंत्रणा आहे आणि ती तटरक्षक दलाला दिसते. आपल्या मोबाइलवरून जी बोट नाहीशी झाली ती त्यांच्या पडद्यावर असू शकते.

अ‍ॅप उघडलंत की नकाशा बघायच्या आधी एक ओळ वाचायची सवय लावा: ही जागा किती वाजता मिळाली. ठिपका स्थिर दिसतो आणि आपण म्हणतो ‘बोट थांबली’. खरं तर ती जागा तीन तासांपूर्वीची असते आणि शेजारी ५.२ नॉट असा वेगही लिहिलेला असतो. बोट थांबलेली नसते, बातमी थांबलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या लाइव्ह लोकेशनचंही तसंच. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग आपोआप बंद होतं. सकाळी सहाला चालू केलेलं दुपारी दोनला बंद पडणार. बोटीवर त्या वेळी शीड बदलायची गडबड असते, ते पुन्हा चालू करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय फोनला स्वतःची जागा उपग्रहावरून कळते, पण ती तुमच्यापर्यंत पोचवायला मोबाइलचा टॉवर लागतो. किनाऱ्यापासून सात-आठ मैल आत गेलं की रेंज येते-जाते. अशा ठिकाणी इंटरनेट चालत नसलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. म्हणून माझा आग्रह एसएमएसचा असतो.

मी एकदा काय केलं ते सांगते, म्हणजे कागदाचा एवढा आग्रह का ते कळेल. काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझा धाकटा भाऊ दोन मित्रांबरोबर रत्नागिरीहून विजयदुर्गला निघाला. दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी ठिपका पूर्णगडच्या समोर होता, वेग पाच नॉट. त्यानंतर काही नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी फोन लावायला सुरुवात केली आणि बारापर्यंत चौदा वेळा लावला. आधी रिंग जात होती, मग तीही जाईना. रात्रभर मी खुर्चीत बसून होते.

सकाळी सव्वाआठला आईच्या घरच्या लँडलाइनवर त्याचा फोन आला. ते विजयदुर्गच्या खाडीत डोंगराच्या आडोशाला नांगर टाकून होते. फोन खाली केबिनमध्ये होता, तो रेंज शोधता शोधता आणि माझे फोन येता येता बंद पडला. सकाळी छोट्या होडीने धक्क्यावर जाऊन त्याने एका दुकानदाराचा फोन मागितला. पण माझा नंबर त्या बंद पडलेल्या फोनमध्ये! पाठ होता तो फक्त लहानपणापासूनचा आईचा लँडलाइन.

आता हिशेब बघा, जो मी त्या रात्री केलाच नाही. पूर्णगड ते विजयदुर्ग साधारण सोळा सागरी मैल. पाच नॉट म्हणजे तासाला पाच सागरी मैल. सव्वातीन तास, म्हणजे सात पस्तीसला ते खाडीच्या तोंडाशी. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो, म्हणजे पोचले ते काळोखात. काळोखात खाडीत शिरताना एक जण पुढे टॉर्च घेऊन जाळ्यांचे बोये बघतो, एक खोली मोजणाऱ्या यंत्राकडे बघतो, एक सुकाणूवर. नांगर धरतोय का हे अर्धा तास बघावं लागतं. नऊपर्यंत फोनला हात लावायला कोणी मोकळं नसतं. मी स्वतः त्याच खाडीत कितीदा तरी अशी शिरले होते. सगळं माहीत असून ते समोर कागदावर नव्हतं, म्हणून रात्री अकराला त्यातलं एकही आठवलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक सफरीला मी शंभर पानी वही घेते. पहिल्या पानावर बोटीची माहिती मुलांच्या हातून लिहून घेते: बोटीचं नाव, लांबी, रंग, शिडांचा रंग, मेरीटाइम बोर्डाच्या नोंदणीचा नंबर, रेडिओचा एमएमएसआय नंबर (नऊ आकडी असतो, भारतीय बोटीचा ४१९ ने सुरू होतो), बोटीवर किती माणसं, त्यांची वयं, कोणाला कसली औषधं चालू आहेत, लाइफजॅकेट किती, पाणी किती दिवसांचं. इंजिन आहे का आणि डिझेल किती हेही. रंगाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण वरून शोधणाऱ्याला ‘पांढरी बोट’ आणि ‘पांढरी बोट, निळा पट्टा, केबिनवर नारिंगी कापड’ यात फार फरक पडतो. निघायच्या सकाळी बोटीचा एक फोटो मागवून ठेवा, मागच्या वर्षीचा नको.

दुसऱ्या पानावर टप्पे. मुंबई ते गोवा सुमारे २२० ते २३० सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ३४ फुटी बोट दिवसभरात सरासरी साडेचार-पाच नॉट धरावी. मुंबई ते मुरूड चाळीसेक मैल, एका दिवसाचं काम. मुरूड ते जयगड साठेक मैल, तो मोठा टप्पा. बरेच जण मध्ये हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला किंवा दाभोळच्या खाडीत थांबतात. जयगड ते रत्नागिरी वीस, रत्नागिरी ते विजयदुर्ग सत्तावीस-अठ्ठावीस. विजयदुर्ग ते देवगड दहा-बारा मैलच, पण दोन्ही बंदरं इतकी आडोशाची आहेत की मुलं एकेक दिवस जास्त राहिली तर नवल नाही. देवगड ते मालवण वीसेक मैल. मालवणच्या पुढे वेंगुर्ल्याच्या खडकांना बाहेरून वळसा घालून गोव्याचं आग्वाद चाळीसच्या आसपास. प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहा: कुठे थांबणार, नाही जमलं तर कुठे थांबणार, आणि काळजीची वेळ.

काळजीची वेळ म्हणजे मुलांनी स्वतः दिलेली वेळ. ‘जयगडला आम्ही सहापर्यंत पोचू, नऊपर्यंत मेसेज नसेल तर आमच्या ओळखीच्या माणसाला फोन कर, अकरापर्यंत काहीच नसेल तर तटरक्षक दलाला कळव.’ ती ठरवताना भरपूर सैल धरा, कारण शिडाची बोट एसटी नव्हे. पण एकदा लिहिली की अकरा वाजता ‘आणखी तासभर बघूया’ म्हणायचं नाही, आणि आठ वाजता घाबरायचंही नाही. मुलांनाही बजावून ठेवा की ती वेळ चुकवायची नाही. नांगर टाकला की आधी मेसेज, मग चहा.

मेसेजही ठरलेल्या साच्यात असावा. भाच्याचा एक मेसेज माझ्या वहीत तसाच उतरवलेला आहे: ‘१५:१० अंजनवेलपासून ४ मैल. पंख्यात जाळं. शिडावर आहोत. सगळे ठीक. पुढचा मेसेज १८:००.’ बघा, यात सगळं आहे. ठिपका त्या दिवशी पावणेतीन तास अर्ध्या नॉटने नुसता वाहत होता. मेसेज नसता तर मी काय काय कल्पना केल्या असत्या! पंखा म्हणजे इंजिनचा प्रोपेलर. आपल्या किनाऱ्यावर जाळ्याचा दोर पंख्यात अडकणं फार नेहमीचं आहे, त्याने बोट बुडत नाही. वारा पडला होता, म्हणून भाचा कमरेला दोरी बांधून सुरी घेऊन पाण्यात उतरला, एकाने दोरी धरली, तिसरा आजूबाजूला बघत राहिला. साडेपाचला पंखा मोकळा झाला. सहा वाजून दोन मिनिटांनी मेसेज आला. या साच्यातले ‘पुढचा मेसेज इतक्या वाजता’ हे शब्द कधीही गाळू देऊ नका. तुम्हाला झोप लागेल ती त्या शब्दांवर.

ठिपका आणि वेग बघताना वाऱ्याचा दिनक्रम माहीत असला की निम्मे प्रश्न सुटतात. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. बोटी पाच-सहाला निघतात त्या यासाठीच. दहाच्या सुमारास तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तो दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला मागून मिळतो. त्यामुळे सकाळी चार-पाच नॉट, अकरा वाजता दीड नॉट, तीनला सहा नॉट असं दिसलं तर सगळं यथास्थित आहे. अकरा वाजताचा दीड नॉट बघून फोन करू नका. बोटीवर त्या वेळी पोहे चाललेले असतात. ठिपका नागमोडी जाताना दिसला तर मुलं वाट चुकलेली नाहीत. वारा येतो त्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही, एकदा या अंगाने एकदा त्या अंगाने घ्यावी लागते. परतीच्या प्रवासात, गोव्याहून मुंबईला येताना, हे सतत दिसेल. परतीला जवळपास दुप्पट वेळ धरा.

खाडीच्या तोंडाशी बोट तास-दोन तास घुटमळताना दिसली तर बहुतेक भरतीची वाट बघत असते. बाणकोट, तेरेखोल, शापोरा अशा खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि ३४ फुटी बोटीचा कणा पाण्याखाली पावणेदोन मीटरपर्यंत जातो. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत तुमच्या घरात कॅलेंडर असेल तर लगेच जमेल: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, मुंबईकडे थोडा जास्तच, पण घरी बसून अंदाज घ्यायला पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, गोव्याकडे तो निम्म्यावर येतो. मुलं मात्र बोटीवर छापील भरतीचं कोष्टकच वापरतील, वापरायलाच हवं.

हवामानासाठी सगळे विंडी हे अ‍ॅप उघडतात, तुम्हीही उघडाल. एक करा, त्यात वाऱ्याचं एकक नॉट ठेवा. किलोमीटरमध्ये २८ दिसलं की छातीत धस्स होतं. ते पंधरा नॉटच, आणि शिडाच्या बोटीला पंधरा नॉट मागून मिळणं ही चैन आहे. पंचवीस नॉटच्या पुढे गेलं तर मुलं बंदरात बसून राहतील, आणि ठिपका दोन दिवस एकाच जागी दिसेल. नकाशातल्या लाल-जांभळ्या रंगावर जाऊ नका, आकडा वाचा. त्याबरोबर हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज रोज एकदा बघा. सकाळी एकदाच. दिवसातून दहा वेळा बघून समुद्र बदलत नाही.

डिसेंबरात या किनाऱ्यावर सहसा हवा चांगली असते, पण वादळ येतच नाही असं नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान कोकणाला झोडपून गेलं. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी आलं तेव्हाची गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायचीय. केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी मच्छीमार बोटींचा घरच्यांशी संपर्क तुटला होता. तिकडे किनाऱ्यावर बायका-मुलं वाट बघत होती. आणि त्यातल्या ६८ बोटी ९५२ माणसांना घेऊन इकडे सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या होत्या. देवगडच्या लोकांनी त्यांना जेवूखाऊ घातलं. त्या वादळात खूप माणसं गेली, ते दुःख मोठं आहे. पण ज्या घरांना काही दिवस बातमी नव्हती, त्यातल्या अनेक घरांची माणसं जिवंत होती, आडोसा शोधत आपल्या बंदरापासून शेकडो मैल दूर गेली होती. म्हणून दुसऱ्या पानावरचं ‘नाही जमलं तर कुठे’ या खणात लिहिलेलं नाव फार महत्त्वाचं. शोधायची वेळ आली तर आधी तिथे विचारायचं.

आता उपग्रह फोनबद्दल, कारण परदेशातला कोणी नातेवाईक तुम्हाला सांगेल की गार्मिनचं इनरीच, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, घ्या, सगळं जग वापरतं. त्यांच्याकडे वापरतात, खरंय. आपल्याकडे परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि इनरीच इरिडियमवरच चालतं. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांकडे असं यंत्र सापडून त्यांच्यावर गुन्हे दाखल झालेत. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीने इनमारसॅटचा फोन मिळतो, पण आठ-दहा दिवसांच्या किनाऱ्यालगतच्या सफरीसाठी मी तो मागे लागून घ्यायला सांगणार नाही. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन, एक साधा बटणांचा फोन प्लास्टिकच्या डब्यात बंद करून, आणि तुमचा नंबर बोटीच्या केबिनमध्ये भिंतीवर मार्करने लिहून. हे शेवटचं मी स्वतः जाऊन लिहिते.

ज्याच्यावर मुलांनी जरूर पैसे घालावेत ते म्हणजे इपर्ब, संकटात दाबायचं यंत्र. ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं, ती इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाच्या मुंबईच्या शोध-बचाव केंद्राला जाते. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असलेल्या नौदलाच्या कमांडर अभिलाष टॉमींच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागून ते केबिनमध्ये पडून होते. पण बोट कुठे आहे हे यंत्रांमुळे आणि त्यांच्या तुटक मेसेजमुळे माहीत होतं, म्हणून नौदलाच्या विमानाला ती सापडली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तुमच्याशी याचा संबंध असा: इपर्बची नोंदणी करताना घरचा संपर्क क्रमांक द्यावा लागतो. तो तुमचा असेल तर यंत्र वाजल्यावर पहिला फोन बहुधा तुम्हालाच येईल, कारण चुकून दाबलं जाण्याचे प्रकारही होतात. रात्री दोन वाजता कोणी विचारलं ‘बोट आत्ता कुठे असायला हवी? किती माणसं आहेत?’ तर वहीची पहिली दोन पानं उघडून वाचायची. त्या आठ-दहा दिवसांत तुमचा फोन सायलेंटवर नको.

आणि काळजीची वेळ उलटली तर? आधी तिघांच्या नंबरवर एकेक फोन आणि एक एसएमएस, बस्स. सारखा फोन लावून त्यांची बॅटरी संपवू नका. मग ठरलेल्या बंदरातला ओळखीचा माणूस. हा माणूस मुलांनी आधी शोधून ठेवायचा, प्रत्येक थांब्यावर एक: मच्छीमार सोसायटीतलं कोणी, घरगुती खानावळवाले, बंदर खात्याच्या ऑफिसातलं कोणी. तांडेल मंडळी, म्हणजे मच्छीमार बोटींचे कप्तान, कोणाची बोट कुठे दिसली हे एकमेकांना विचारून वीस मिनिटांत सांगतात, कोणत्याही अ‍ॅपपेक्षा लवकर. मग पर्यायी बंदर. तिथेही नसेल तर १५५४. हा तटरक्षक दलाचा टोल फ्री नंबर आहे, चोवीस तास चालू असतो. सांगायचं एवढंच: ‘माझ्या मुलाची शिडाची बोट ठरलेल्या वेळी पोचलेली नाही.’ मग नाव, रंग, माणसं, शेवटची जागा, ती किती वाजताची, कुठून कुठे निघाली होती. मुलं आत्ताच बुडतायत असं सांगायची गरज नाही आणि ‘उगाच त्रास देते’ असं वाटून घ्यायचीही गरज नाही. त्यांचं कामच ते आहे, आणि उजेड असताना कळवलेलं त्यांनाही सोयीचं पडतं.

शेवटची जागा सांगताना एक चूक फार होते, ती इथे नीट सांगते. बोटीवरचं यंत्र जागा अंश आणि मिनिटांत दाखवतं. समजा मुलाने विजयदुर्गजवळून पाठवलं: ‘१६ अंश ३३.५ मिनिटं उत्तर, ७३ अंश १९.५ मिनिटं पूर्व.’ तुम्ही ते गूगल मॅपमध्ये १६.३३५, ७३.१९५ असं टाकलंत तर बोट देवगडच्या समोर भर समुद्रात, खऱ्या जागेपासून पंधरा मैलांवर दिसेल. अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. मिनिटांना साठने भागायचं: ३३.५ भागिले ६० म्हणजे ०.५५८, म्हणून १६.५५८. तसंच १९.५ चे ०.३२५, म्हणून ७३.३२५. निघायच्या आधी मुलाला घरूनच एक खोटी जागा पाठवायला सांगा आणि ती नकाशावर बरोबर लागते का बघा. एकदा हाताने केलं की विसरत नाही. तटरक्षक दलाला मात्र भागाकार न करता, आलेला मेसेज अंश-मिनिटं म्हणून जसाच्या तसा वाचून दाखवा.

फोन तुम्ही करायचा की मुलांनी, हेही ठरवून टाका. माझ्याकडे नियम असा की बोट चालू असताना घरून फोन जात नाही, बोटीवरून येतो. सून दोरी ओढत असताना खिशात फोन वाजला तर हात सुटतो. घरात आजारपण वगैरे काही झालं तर एसएमएस टाका, ते नांगर टाकून फोन करतील. आणि सगळ्या नातेवाइकांनी मुलांना विचारायचं नाही, तुम्हाला विचारायचं. भावकीचा ग्रुप असेलच; त्यावर रोज रात्री एक ओळ तुम्ही टाका. माझी वही बंद करायची वेळ रात्रीची नऊ, मेसेज आलेला असेल तर.

शेवटच्या दिवशी मालवणहून निघालेला ठिपका दुपारी वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ दिसेल, मग तेरेखोलच्या पुढे पुन्हा स्पष्ट होत जाईल, कारण गोव्याजवळ ऐकणारे जास्त. आग्वादच्या दीपगृहाला वळसा घालून मांडवीच्या तोंडात शिरताना आपण कौतुकाने फोन उचलतो. तेव्हा करू नका. तिथे पर्यटकांच्या बोटी, कॅसिनोंच्या फेरीबोटी, वाळूचे उथळ भाग, सगळ्यांचे डोळे पुढे हवेत. मेसेज येऊ द्या. आला की वेळ वहीत लिहा, आणि वाटेत ज्या ज्या बंदरातल्या माणसांना तुम्ही सांगून ठेवलं होतं त्या प्रत्येकाला फोन करून कळवा की मुलं पोचली. ते राहून गेलं तर जयगडचा कोणी तांडेल दुसऱ्या दिवशीही येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना निळ्या पट्ट्याची पांढरी बोट दिसली का म्हणून विचारत राहतो.